एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर: फवारलेल्या मसाल्याचा हिशेब

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सुमारे 284 किलोमीटरचा रेल्वेमार्ग आपल्या जिल्ह्यातून जातोय. त्यातला वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला, आणि यवतमाळच्या पुढच्या डोंगराळ भागात बोगदे आहेत. बोगदा म्हटलं की आपल्याला सुरुंग आठवतो. मी आज सुरुंगानंतरच्या कामाबद्दल बोलणार आहे. उघड्या पडलेल्या खडकावर हवेच्या दाबाने सिमेंट-वाळूचा मसाला मारतात, त्याला गनायटिंग म्हणतात. त्यात खडी असली की शॉटक्रीट. जुन्या टाक्या, कालवे, पुलांचे खांब यांच्या दुरुस्तीलाही हेच तंत्र लागतं.

आता एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर एक लिटर मसाला. बाकी सगळा हिशेब यातूनच निघतो.

समजा, 200 चौरस मीटरवर 50 मिलिमीटर थर द्यायचाय. म्हणजे भिंतीवर 10 घनमीटर मसाला. प्रत्यक्षात सरासरी 65 बसला, तर 3 घनमीटर जास्त गेला. शिवाय मारलेला सगळा मसाला चिकटत नाही; काही उसळून खाली पडतो. त्याला साइटवर रिबाउंड म्हणतात. तो 20 टक्के धरला, तर भिंतीवर 3 घनमीटर जास्त बसवायला पावणेचार घनमीटर मारावा लागतो. घनमीटरला 9 पोती सिमेंट धरलं, तर जवळपास 34 पोती गेली. बिल मात्र नकाशातल्या 50 मिलिमीटरचंच निघत असेल, तर ही पोती कंत्राटदाराच्या खिशातून जातात.

मग कुणी म्हणेल, पातळ मारा. इथेच खरी गडबड आहे. एका जागी 75 आणि शेजारी 25 असेल, तरी सरासरी 50 च येते. कागद बरोबर, पण 25 च्या जागी थर कमजोर. त्यात आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो. पातळ थरातलं पाणी झपाट्याने उडतं, त्याला तडे जातात, पुढे तो तुकडा खाली येऊ शकतो. म्हणून सरासरीबरोबर सगळ्यात कमी जाडीही बघायची.

जाडी जास्त का होते? पहिलं कारण खडक. सुरुंग जोरात लागला की खडक ठरवल्यापेक्षा जास्त फुटतो, खड्डे पडतात आणि कामगार ते मसाल्याने भरून भिंत सपाट करायला जातो. थर खडकाच्या चढउतारामागे जायला हवा. सपाटी मागितली नसेल तर ती द्यायची नाही. खरी बचत सुरुंगाच्या आखणीत आहे: कडेची भोकं जवळजवळ आणि त्यांत दारू कमी.

दुसरं कारण नोझल धरणारा हात. नोझल पृष्ठभागाशी काटकोनात आणि साधारण एक ते दीड मीटरवर हवं. तिरकं धरलं की रिबाउंड वाढतो. खाली पडलेला माल परत वापरायचा नाही. त्यात वाळू जास्त आणि सिमेंट कमी उरलेलं असतं.

मोजायचं कसं? मारण्याआधी खडकात ठरलेल्या लांबीच्या खुणेच्या सळया बसवा. सळई बुजली की थांबा. मारताना ओल्या थरात खिळा खुपसून बघा. नंतर काही ठिकाणी गाभा काढून खात्री करा. मोठ्या बोगद्यात आधी आणि नंतर लेसरने मोजणी करतात. दोन्हींतला फरक म्हणजे जाडी.

आणि रोज संध्याकाळी वहीत तीनच आकडे लिहा: किती पोती गेली, किती चौरस मीटर झालं, किती रिबाउंड उचलला. पोती वाढली आणि क्षेत्र तेवढंच राहिलं, तर चूक त्याच दिवशी कळते. महिन्याने कळली तर तोवर ती भिंतीत घट्ट झालेली असते.