स्पर्धकाच्या शेजारचा गाळा

जून उजाडला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. क्रमिक पुस्तके, वह्या, गाईड, स्पर्धा परीक्षांचे संच. एका दुकानाची पायरी उतरावी आणि दुसऱ्याची चढावी. इतकी दुकाने असताना आणखी एक कशाला, असे नवख्याला वाटणारच. पण पुस्तकांचे दुकान टाकायला पुण्यात याहून मोक्याची जागा सापडणे कठीण. उपनगरातला पालक इथवर येतो तो एका दुकानासाठी नव्हे. इथे नाही मिळाले तर शेजारी मिळेल, हा भरवसा त्याला आणतो.

कोल्हापूरची गुजरी, मुंबईचा झवेरी बाजार, विजेच्या सामानाची लोहार चाळ यांचे गणित हेच. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड होटेलिंग यांनी १९२९ मध्ये दाखवले होते, की एकाच रस्त्यावर सारखा माल विकणारे दोन दुकानदार एकमेकांचे गिऱ्हाईक ओढता ओढता मधोमध येऊन शेजारी बनतात. त्यांचे दुकानदार मात्र असलेलेच गिऱ्हाईक वाटून घेतात. गुजरीतले सराफ मिळून ते वाढवतात.

सगळ्या धंद्यांना हे लागू नाही. साडी, दागिने, चपला चार ठिकाणी बघून घेतल्या जातात. दूध, ब्रेड, साखर यांसाठी कुणी चार दुकाने फिरत नाही. जे जवळ, तिथे जातो. म्हणून किराणा दुकानाला दुसऱ्या किराणा दुकानापासून अंतर हवे, तर साडीच्या दुकानाला साड्यांचीच गल्ली हवी. गाळा बघायला निघण्याआधी आपला माल यातल्या कोणत्या जातीचा, एवढे जरी ठरले तरी निम्मे पर्याय आपोआप गळतात.

मग येते वर्दळ, आणि इथे फसगत फार होते. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे तरुणाईचा पूर लोटतो, पण त्यातले कुणी तूरडाळ घ्यायला आलेले नसते! स्टेशनच्या रस्त्यावर सकाळी माणसे लोकल गाठायला धावतात, थांबत नाहीत. तीच माणसे संध्याकाळी परतताना भाजी, फरसाण, औषधे घेतात. त्यामुळे गाळा घराकडे जाणाऱ्या बाजूला आहे की स्टेशनकडे जाणाऱ्या, याने गल्ल्यात फरक पडतो. दलाल गाळा दाखवतो तो त्याच्या सोयीच्या वेळी. घेणाऱ्याने मात्र तिथे सकाळ, भर दुपार आणि संध्याकाळ उभे राहून बघावे. रविवारही सोडू नये.

भाड्याचा हिशेब कागदावर सोपा आहे. समजा, किराण्यात सरासरी दहा टक्के सुटतात आणि गाळ्याचे भाडे १५,००० रुपये आहे. म्हणजे दर महिन्याचा पहिला दीड लाखाचा खप निव्वळ घरमालकासाठी. वीजबिल, पोऱ्याचा पगार आणि बुडीत उधारी त्यानंतर. राधाकिशन दमाणी यांच्या डीमार्टने, ज्याचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईत उघडले, बहुतांश जागा भाड्याने न घेता विकतच घेतल्या. छोट्या दुकानदाराच्या खिशाला ते परवडत नाही, तेव्हा त्याला करारातच सावध राहावे लागते.

अकरा महिन्यांचा करार सर्रास होतो आणि तोच अनेकदा नडतो. फर्निचर, पाटी, रंगकाम यांवर पैसे ओतायचे, वर्षभरात गिऱ्हाईक जमवायचे, आणि नेमके तेव्हाच मालकाने भाडे दीडपट मागायचे. तीन-पाच वर्षांची मुदत आणि दरवर्षीची वाढ आधीच लिहून घेतलेली बरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो; नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. इमारतीत दुकानाला परवानगी आहे का, विजेचे मीटर व्यापारी आहे का, हेही टोकन देण्याआधी तपासावे.

आधीचे दुकान का बंद पडले, हे मालकाला विचारून उपयोग नाही. समोरच्या चहावाल्याला विचारावे. त्याने त्या शटरवरच्या पाट्या बदलताना पाहिलेल्या असतात.