‘ईसीएम गेला’ म्हणण्यापूर्वी

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या पात्रात मावेनासे झाले आणि सुरत शहराचा बहुतांश भाग बुडाला. रांदेर, अडाजण या भागांत तळमजल्यांबरोबर तेथे उभ्या असलेल्या मोटारीही पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर चिखल धुता येतो, आसने उन्हात वाळवता येतात. इंजिनाचा कारभार पाहणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटी, अर्थात ईसीएम, मात्र एवढ्याने सावरत नाही.

पाण्यापेक्षाही घातक ठरते ते पाणी आणि वीज यांचे एकत्र येणे. चावी बंद असली तरी अनेक गाड्यांत स्मृती टिकवण्यासाठी ईसीएमला बॅटरीचा अल्पसा पुरवठा सतत होत असतो. त्यामुळे ओलसर बोर्डावरील तांब्याच्या रेषा झिजू लागतात आणि पिनांवर हिरवट थर चढतो. गाडी आज सुरू झाली म्हणून निश्चिंत राहता येत नाही. बोर्डावर राहिलेला गाळ हवेतील दमटपणा शोषत राहतो आणि बिघाड कित्येक महिन्यांनीही डोके वर काढतो. म्हणूनच बुडालेल्या गाडीची चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळून आधी बॅटरीची तार सोडवावी. गोव्यातील पावसाळा आणि खारी हवा पाहता हे केवळ पूरग्रस्तांपुरते नाही.

तथापि, जुनी गाडी बंद पडली की ‘ईसीएम गेला’ हा निकाल फार लवकर दिला जातो. पेटी महाग असते, आणि निदान चुकले तर तो खर्च वाया जातो. यामागे एक कारण आहे. भारतात २००० पासून उत्सर्जन मानके कडक होत गेली, तसा कार्ब्युरेटर मागे पडून संगणकनियंत्रित इंधनफवारणी आली. मात्र बिघाडाची नोंद ठेवणारी ओबीडी पद्धत भारत स्टेज-४ बरोबर एप्रिल २०१० मध्ये आली. ते मानक प्रथम १३ शहरांत लागू झाले. त्यांत सुरत होते आणि आपले सोलापूरही. ओबीडीचा पुढचा टप्पा २०१३ मधला. त्याआधीच्या पुष्कळ गाड्या फक्त निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतभाषेत बोलतात आणि साधा स्कॅनर त्यांच्यापुढे मुका होतो. तेथे मल्टिमीटर आणि वायरिंगचा नकाशा हीच खरी साधने.

जाणता कारागीर तपासाला पेटीच्या बाहेरून सुरुवात करतो. आधी फ्यूज, रिले आणि पुरवठा, मग अर्थिंग. विद्युतभार चालू असताना ईसीएमची अर्थ-पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात व्होल्टच्या जेमतेम दहाव्या हिश्शाचा फरक दिसावा. तो अधिक असेल तर गंजलेला बोल्ट किंवा कुजलेली तार शोधावी. त्यानंतर येतात ते पाच व्होल्ट. ईसीएम अनेक सेन्सरांना हाच पुरवठा देतो. एखाद्या सेन्सरची तार उघडी पडून बॉडीला टेकली की सर्वांचाच पुरवठा कोसळतो, चार-पाच बिघाड एकदम दिसतात आणि दोष पेटीच्या माथी येतो. सेन्सरांचे कनेक्टर एकेक करून काढत जावे. ज्याच्या निघण्याने पाच व्होल्ट परततात, त्या सेन्सरात किंवा पुढच्या तारेत खोट असते. सर्व कनेक्टर काढूनही, वायरिंग निर्दोष असूनही ते परतले नाहीत, तरच पेटीवर संशय घ्यावा. नव्या गाड्यांत पी०६०१ किंवा पी०६०६ हे संकेत अंतर्गत दोष सुचवतात, पण पुरवठा डळमळीत असेल तर त्यांवरही डोळे झाकून विसंबू नये.

पेटी उघडल्यावर पुष्कळदा दोष साधाच निघतो: गळलेला कपॅसिटर, तडकलेला सोल्डर, जळालेला इंजेक्टर-ड्रायव्हर. भिजलेला बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून मंद उष्णतेत वाळवतात आणि तुटलेली रेषा बारीक तारेने सांधतात. जेलमध्ये बुडवून बंद केलेल्या पेट्यांत मात्र हात घालणेही कठीण. मुख्य प्रोसेसरच गेला असेल तर दुरुस्तीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मग भंगारातील दुसरी पेटी आणून बसवावी, तर गाडी सुरू होत नाही! इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावीची ओळख पेटीच्या स्मृतीत कोरलेली असते, आणि नवख्या पेटीला ती चावी परकी वाटते. ही माहिती बहुधा एका छोट्या स्मृतिचिपमध्ये असते. जुन्या पेटीतून ती वाचून नव्या पेटीत उतरवता येते. मात्र त्यासाठी जुनी पेटी हाती हवी. सोल्डरिंगला हात घालण्याआधीच तिची प्रत काढून ठेवणारा कारागीर भरवशाचा समजावा, आणि बदललेली जुनी पेटी गाडीमालकाने गॅरेजमधून मागून घ्यावी.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्या उंबरठ्यावरची गाडी परराज्यातून स्वस्तात मिळत असेल, तर रंग आणि टायर पाहून झाल्यावर पायाखालचा गालिचा उचलावा, आसनांच्या रुळांवर गंज वा वाळलेला गाळ आहे का ते पाहावे आणि मेकॅनिककडून ईसीएमचा कनेक्टर उघडवून पिनांचा रंग तपासावा.