हिंवापासून कोंवळ्या रोपांचें रक्षण

नाशिक जिल्ह्यांत निफाडच्या बाजूस थंडीचा कडाका किती पडतो, हें तेथील द्राक्षबागाईतदारांस सांगावयास नको. २०१८ च्या डिसेंबरअखेर तेथें पारा दोन अंशांच्याही खालीं उतरला होता. जुनें झाड असा घाव सोसतें. परंतु नुकतेंच केलेलें द्राक्षाचें कलम, डाळिंबाची गुटी अथवा पपईचें रोप एका रात्रींत काळें पडतें, व त्याबरोबर धन्याचें एक वर्ष जातें. महसूल खात्यांत असतांना अशा नुकसानीचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले. पंचनामा दुसरे दिवशीं होतो. रक्षण मात्र आदले दिवशींच करावें लागतें.

प्रथम कारण पाहूं. जमीन दिवसा तापते व रात्रीं ती ऊब आकाशाकडे सोडते. ढग असल्यास त्यांतील कांहीं ऊब परत फिरते. वारा असल्यास वरची उबदार हवा खालीं मिसळते. आभाळ निरभ्र व वारा पडलेला असला म्हणजेच हिंवाची खरी भीति. अशा रात्रीं जमिनीलगतचीं पानें चार फूट उंचीवरील उष्णतामापकाहून दोनतीन अंशांनीं अधिक थंड होतात. म्हणून हवामानाच्या वर्तमानांत तीन अंश ऐकले, कीं रोपावर शून्य समजून चालावें.

यावरून उपाय ठरतात. पांघरूण स्वतः ऊब देत नाहीं. जमिनीची ऊब राखतें. कोरडी, भुसभुशीत माती ऊब कमी सांठविते. म्हणून आदले दिवशीं सकाळीं हलकें पाणी द्यावें व त्या दिवसांत कोळपणी टाळावी. बुंध्याभोंवतीं पाल्याचा जाड थर असल्यास तोही सकाळींच बाजूस सारावा, म्हणजे ऊन मातींत मुरेल.

सायंकाळीं काठ्या रोवून गोणपाट अथवा पाचटाची झांपडी जमिनीपर्यंत टेंकवावी. गोणपाट खोडाशीं आवळून बांधल्यास जमिनीची ऊब आंत शिरत नाहीं. प्लास्टिकचा पातळ कागद ऊब बाहेर जाऊं देतो, आणि पानास चिकटला तर तेथेंच पान जळतें. ऊन येतांच पांघरूण काढावें. आंब्याच्या रोपास तीन बाजूंनीं कायमची झांपडी करून आग्नेयेची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचें ऊन मिळतें.

पिशव्यांतील कलमें मांडवीवर उंच ठेवूं नयेत. जमिनीवर खेटून ठेवून कडेच्या पिशव्यांस मातीचा भर द्यावा. थंड हवा पाण्याप्रमाणें सखल जागीं उतरते. यास्तव रोपवाटिका खोलगटांत करूं नये, व उताराकडील कुंपण दाट असल्यास त्यांत वाट ठेवावी.

ओल्या पाल्याच्या धुरावर पुष्कळांची भिस्त असते. परंतु धुरास ढगाचा गुण नाहीं. ऊब देतो तो जाळ. एक मोठी आगटी पेटविण्यापेक्षां ठिकठिकाणीं लहान शेकोट्या बऱ्या, आणि त्यांवर रात्रभर माणूस हवा.

इतकें करूनही रोप करपलें तर लगेच छाटूं नये. नवी फूट निघाली म्हणजे जिवंत भाग कोठवर आहे तें कळतें. जोडाखालून फूट आल्यास ती खुंटाची समजावी. तीच वाढवून पुढील हंगामीं पुन्हां कलम करतां येतें.

शेतकरी बंधूंनीं एवढें करावें: पौषांत सायंकाळीं वारा पडला व आभाळ उघडें दिसलें, तर जेवणापूर्वी रोपवाटिकेंत एक फेरी घालावी.