तरंगलांबी आणि तरंगांचे वर्तन : खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या संदर्भात

सारांश

तरंग एखाद्या वस्तूवरून परावर्तित होईल, तिच्या आरपार जाईल की तिला वळसा घालील, हे तरंगलांबी आणि वस्तूचे आकारमान यांच्या गुणोत्तरावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हे तत्त्व खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या आधारे स्पष्ट केले असून, पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या प्रश्नाशी त्याचा असलेला संबंधही मांडला आहे.

बीजशब्द : तरंगलांबी, वारंवारता, विवर्तन, विभेदनक्षमता, रेडिओ दुर्बीण.

प्रास्ताविक

अहिल्यानगर शहराच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवर, जवळजवळ त्याच अक्षांशावर, जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव आहे. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात ती उभी राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये, नारायणगाव व संगमनेरवरून जाणारा नियोजित रेल्वेमार्ग या दुर्बिणीमुळे बदलावा लागेल, असे केंद्र सरकारने स्पष्ट केले. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात हा चर्चेचा विषय झाला आहे. रेल्वेगाडीचा दुर्बिणीला अडथळा का व्हावा, या प्रश्नाचे उत्तर तरंगलांबीच्या संकल्पनेत आहे.

तरंगलांबी व वारंवारता

तरंगाच्या लगतच्या दोन शृंगांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात एखाद्या बिंदूवरून जितके पूर्ण तरंग जातात, ती त्याची वारंवारता. या दोहोंचा गुणाकार तरंगाच्या वेगाइतका असतो. निर्वातात विद्युतचुंबकीय तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. त्यामुळे १५० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओतरंगाची लांबी २ मीटर, तर १४२० मेगाहर्ट्झच्या तरंगाची सुमारे २१ सेंटिमीटर येते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारणतः ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक हजारांश भागाहूनही कमी असते.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. तरंग एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वारंवारता कायम राहते; वेग व तरंगलांबी बदलतात. निर्वातातील ६०० नॅनोमीटरचा प्रकाशतरंग पाण्यात सुमारे ४५० नॅनोमीटरचा होतो. वारंवारता स्रोत ठरवितो, तर तरंगलांबीवर माध्यमाचाही प्रभाव असतो.

जाळीचा आरसा

खोडदच्या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांचा परावर्तक पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नसून बारीक तारांच्या जाळीचा आहे. जाळीची छिद्रे मध्यभागी १० मिलिमीटरची, तर कडेकडे १५ व २० मिलिमीटरची आहेत. या जाळीतून आकाश दिसते, वाराही वाहून जातो. मग रेडिओतरंग कसे परततात? छिद्र तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असेल, तर त्या तरंगाच्या दृष्टीने जाळी जवळजवळ अखंड धातूसारखीच असते. २१ सेंटिमीटरच्या तरंगापुढे २० मिलिमीटरचे छिद्र दहाव्या हिश्शाहून लहान आहे. २ मीटरच्या तरंगापुढे तर ते नगण्यच ठरते. प्रकाशाची तरंगलांबी मात्र छिद्राच्या तुलनेत अतिसूक्ष्म असल्याने तो सरळ आरपार जातो. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारातील छिद्रमय पत्रा सुमारे १२ सेंटिमीटरचे तरंग आत अडवितो आणि आतील अन्न मात्र आपल्याला दिसू देतो, त्यामागेही हेच कारण आहे. या तत्त्वामुळे तबकड्यांचे वजन, त्यांवरील वाऱ्याचा दाब आणि खर्च हे तिन्ही कमी राखता आले.

दुर्बिणीचा विस्तार २५ किलोमीटर का?

छिद्रातून किंवा तबकडीवरून जाणारा तरंग कडांपाशी पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. त्यामुळे कोणत्याही दुर्बिणीची सूक्ष्म भेद ओळखण्याची शक्ती, म्हणजे विभेदनक्षमता, मर्यादित होते. ही मर्यादा स्थूलमानाने तरंगलांबी भागिले दुर्बिणीचा व्यास इतकी असते. मानवी डोळा साधारण एक कलेचे, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचे, अंतर ओळखतो. २१ सेंटिमीटरच्या तरंगांनी तेवढेच स्पष्ट पाहावयाचे झाल्यास सुमारे ७०० मीटर व्यासाची तबकडी लागेल! अशी तबकडी हवी त्या दिशेस वळविणे व्यवहारात शक्य नाही.

यावरील उपाय व्यतिकरणाच्या तत्त्वातून निघतो. खोडदच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती चौकात, तर १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर मांडल्या आहेत. एकच तरंग निरनिराळ्या तबकड्यांवर किंचित मागेपुढे पोहोचतो. त्या संकेतांची परस्परांशी तुलना करून प्रतिमा घडविली जाते. अशा रीतीने सुमारे २५ किलोमीटर विस्ताराच्या दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे २१ सेंटिमीटरला सुमारे २ विकला, प्राप्त होते.

लांबलेली तरंगलांबी

उदासीन हायड्रोजन अणू २१ सेंटिमीटरचा तरंग उत्सर्जित करतो. विश्व प्रसरण पावत असल्याने अतिदूरच्या दीर्घिकेतून निघालेला हा तरंग वाटेतच लांबतो. या दुर्बिणीने टिपलेला अशा एका दीर्घिकेचा संकेत जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाला. तो येथे पोहोचला तेव्हा सुमारे ४८ सेंटिमीटरचा झाला होता. मधल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याची तीव्रता सुमारे ३० पट वाढविली होती; तरीही तो अत्यंत क्षीण होता.

रेल्वेमार्गाचा प्रश्न

ही दुर्बीण स्वतः तरंग सोडीत नाही, केवळ ग्रहण करते. म्हणून तिच्यामुळे परिसराला किरणोत्सर्गाचा धोका असल्याची समजूत निराधार आहे. उलट धोका दुर्बिणीलाच आहे. चंद्रावर ठेवलेला साधा मोबाइल फोनही तिला आकाशातील अतिप्रखर स्रोतांपैकी एक भासेल, इतके खगोलीय संकेत दुर्बल असतात. विद्युत रेल्वेगाडी धावताना वरची तार व इंजिनाचा स्पर्शक यांमध्ये ठिणग्या उडतात. ठिणगीतून एकाच नव्हे, तर फार विस्तृत पट्ट्यातील वारंवारतांचे तरंग निघतात. शिवाय प्रवाशांचे ९०० मेगाहर्ट्झचे मोबाइल संकेत, म्हणजे ३३ सेंटिमीटरचे तरंग, दुर्बिणीला अडथळा ठरू शकतात.

खोडदभोवतालच्या टेकड्या यांना अडविणार नाहीत काय? काही अंशी अडवितात. परंतु तरंगलांबी जितकी अधिक, तितके विवर्तन अधिक. टेकडीमागे प्रकाशाची स्पष्ट सावली पडते. मीटरभर लांबीचे तरंग मात्र माथ्यावरून वाकून खाली उतरतात. म्हणून अंतर वाढविणे किंवा बोगदा व धातूचे आच्छादन यांसारखी व्यवस्था करणे, हेच मुख्य उपाय उरतात. त्यांची परिणामकारकता प्रत्यक्ष मोजमापानेच ठरेल.

समारोप

अहिल्यानगर व शिर्डीवरून जाणारा पर्यायी मार्ग पुढे आल्यावर संगमनेर परिसरातून मूळ मार्गाची मागणी जोरकसपणे झाली. एका बाजूस तालुक्याच्या दळणवळणाची रास्त अपेक्षा आहे, तर दुसऱ्या बाजूस अन्यत्र सहज हलविता न येणारे वैज्ञानिक साधन. यांतील निवड केवळ भौतिकशास्त्र करू शकत नाही. ती लोकांनी व शासनाने करावयाची आहे. मात्र ती करताना अडथळ्याचे स्वरूप ठाऊक असणे अगत्याचे आहे. तरंगलांबी ही पाठ्यपुस्तकातील व्याख्या म्हणून शिकविण्याऐवजी आपल्या परिसरातील या उदाहरणातून शिकविली, तर विद्यार्थ्यांना विषय समजेल आणि अशा सार्वजनिक चर्चेत सहभागी होण्याची पात्रताही त्यांच्यात येईल. भौतिकशास्त्राबरोबरच भूगोल, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विभागांनीही एकत्रितपणे हाताळावा, असा हा विषय आहे.