हाक पुढे नेणारी पेटी

काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी सर्किटची पाटी, बोटभर अँटेना आणि एक लिथियम सेल. सिमकार्ड नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. ब्लूटूथने ही पेटी फोनला जोडायची, चार शब्द लिहायचे आणि हवेत सोडायचे. या पेट्या ज्यावर चालतात ते मेशटास्टिक सॉफ्टवेअर केविन हेस्टर यांनी 2020 साली सुरू केलं. रेंज नसलेल्या रानात भटकणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता लागावा, ही त्यामागची गरज. ते सगळ्यांना खुलं आणि फुकट आहे.

आतला रेडिओ लोरा तंत्राचा. फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या सिक्लिओ कंपनीने ते घडवलं. 2012 मध्ये सेमटेकने ती कंपनी घेतली. यात प्रत्येक खूण म्हणजे खालून वर सरकत जाणारा एक लांब सूर. लांबवल्यामुळे तो गोंगाटाखाली दबला तरी ओळखता येतो. त्याची किंमत वेगात मोजावी लागते: नेहमीच्या सेटिंगवर सेकंदाला जेमतेम एक किलोबिट. फोटोचं नावच नको.

मला सगळ्यात भावते ती निरोप पुढे नेण्याची रीत. निरोप कानावर पडला की पेटी लगेच बोलत नाही, क्षणभर थांबते. जिला तो क्षीण ऐकू आला ती बहुधा लांबची, म्हणून पहिली पाळी तिची. तिचा आवाज ऐकून जवळच्या गप्प राहतात. एरवी निरोप अशा तीन उड्या घेऊ शकतो. आणि आपलाच निरोप शेजारणीच्या तोंडून ऐकू आला, की पाठवणारीला कळतं: पोचला पुढे.

मराठीत लिहिणाऱ्याला मात्र जागेची चणचण भासते. एका निरोपात साधारण 200 बाइट मावतात. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलंत यांना तीन-तीन. ‘किल्ला’ या एका शब्दाला 18 बाइट! तारेसारखंच, शब्द तोलून लिहायचं.

भारतात यासाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा. ठरलेल्या ताकदीच्या आत परवाना लागत नाही. सेटिंगमध्ये देश निवडल्याशिवाय पेटी बोलतच नाही. अँटेना आधी लावायची, मगच सेल. नाहीतर रेडिओ जळू शकतो.

सह्याद्रीत खरी अडचण अंतराची नाही, आडव्या येणाऱ्या कड्याची. दोन दऱ्यांतली माणसं एकमेकांना ऐकू शकत नाहीत. पण दोन्हीकडचं दिसेल अशा माथ्यावर तळहाताएवढ्या सोलर पॅनलसह एक पेटी ठेवली, की ती दोघांचंही ऐकते.