स्कॅनची चित्रे वाटेत अडतात तेव्हा

डोक्याला मार लागलेला असो, की अचानक तोंड वाकडे होऊन एक हात लुळा पडलेला असो, डॉक्टर आधी सांगतात, 'सीटी स्कॅन करून घ्या.' पूर्वी त्यासाठी मोठे शहर गाठावे लागे. आता ही यंत्रे अनेक तालुक्यांच्या गावी आली आहेत. पण यंत्र आले म्हणून त्यातले चित्र वाचणारा तज्ज्ञ, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, गावात राहायला येतोच असे नाही. म्हणून स्कॅन गावात होतो, चित्रे संगणकावरून शहरात जातात, तिथला तज्ज्ञ ती पाहतो आणि अहवाल उलट टपाली येतो. या व्यवस्थेला टेलिरेडिओलॉजी म्हणतात. ती सुरळीत चालली की कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एखाद्या रात्री चित्रे वाटेतच अडतात. पडद्यावरची पट्टी चाळीस टक्क्यांवर थांबते, नातेवाईक बाहेर येरझाऱ्या घालतात आणि केंद्रातला तंत्रज्ञ सांगतो, 'नेट स्लो आहे.'

हे उत्तर पुष्कळदा अपुरे असते. चित्रांच्या वाटेवर अनेक दारे आहेत आणि त्यांतले एखादेच अरुंद असते. ते कोणते, हे शोधल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो. शोधण्याची रीत मात्र अवघड नाही. तीच आज पाहू.

आधी ओझे किती आहे ते समजून घेऊ. सीटी स्कॅन म्हणजे एक चित्र नव्हे. शरीराचे पावाच्या लादीसारखे पातळ काप केल्याची कल्पना करा. प्रत्येक कापाचे एक चित्र. लंडनमध्ये १९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचा पहिला स्कॅन घेतला, तेव्हा एका चित्रात ८० गुणिले ८० एवढेच ठिपके होते. आज ते सर्वसाधारणपणे ५१२ गुणिले ५१२ असतात, म्हणजे दोन लाख बासष्ट हजारांच्या वर. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागतात. एक काप झाला अर्ध्या मेगाबाइटचा. डोक्याच्या साध्या स्कॅनचे पाच-पाच मिलिमीटरचे जाड काप तीस-चाळीस भरतात. त्यांचे ओझे वीस मेगाबाइट. पण डोके आणि मान यांच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी पातळ कापांत केली, तर कापांची संख्या हजाराच्या घरात जाते. म्हणजे पाचशे मेगाबाइट.

आता रस्ता पाहू. इथे दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. इंटरनेट कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये आणि फाइलचे आकारमान असते मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. दुसरी गोष्ट अशी, की जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा उतरवून घेण्याच्या, म्हणजे डाउनलोडच्या वेगाचा असतो. स्कॅन केंद्राला हवा असतो वर पाठवण्याचा, अपलोडचा वेग. अनेक जोडण्यांवर तो बराच कमी असतो. समजा, तो सेकंदाला दोन मेगाबिट आहे. पाचशे मेगाबाइट म्हणजे चार हजार मेगाबिट. त्यांना लागतील दोन हजार सेकंद, म्हणजे सुमारे तेहतीस मिनिटे. तेही वाटेत काही बिघडले नाही तर. अशा केंद्राने आतली केबल कितीही भारी बसवली, तरी बाहेरच्या दाराशी रांग तेवढीच राहणार.

मग मोबाइलवर फोटो काढून का पाठवू नये? पुष्कळ ठिकाणी तसे करतातही. घाईच्या वेळी सल्ल्यापुरता त्याचा उपयोग होतो. पण अंतिम अहवालासाठी तो मूळ चित्राची जागा घेऊ शकत नाही. सीटीच्या प्रत्येक ठिपक्याला एक अंक असतो. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, टणक हाड हजाराच्या आसपास किंवा वर. करड्या रंगाच्या एवढ्या छटा आपल्या डोळ्यांना एकाच वेळी वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून तज्ज्ञ हव्या त्या पट्ट्यापुरतेच चित्र उजळून पाहतो. मेंदूसाठी साधारण शून्य ते ऐंशी हा पट्टा. हाडासाठी वेगळा, फुप्फुसासाठी आणखी वेगळा. पक्षाघाताच्या सुरुवातीला मेंदूच्या निरोगी आणि बाधित भागात अवघ्या काही अंकांचा फरक असतो. कवटीलगत साकळलेल्या रक्ताचा पातळ थर पट्टा बदलल्यावरच उठून दिसतो. फोटोत एकच पट्टा कायमचा गोठतो. मागचे अंक गेले ते गेलेच. शिवाय संदेश पाठवणारे अ‍ॅप फोटो आणखी आवळते, ते वेगळेच.

म्हणूनच वैद्यकीय चित्रांसाठी डायकॉम नावाचे वेगळे मानक आहे. अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि विद्युत उपकरणे बनवणाऱ्यांची संघटना यांनी १९८३ साली एकत्र समिती नेमली. पहिली आवृत्ती १९८५ मध्ये निघाली आणि १९९३ च्या आवृत्तीपासून डायकॉम हे नाव रूढ झाले. त्यामुळे एका कंपनीच्या यंत्राचे चित्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकाला वाचता येते. रुग्णाचे नाव, क्रमांक, तारीख, कापाची जागा ही माहितीही चित्राबरोबर त्याच फाइलमध्ये असते.

या पद्धतीची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी लागते. सर्वसाधारणपणे ती एक चित्र पाठवते, समोरून 'मिळाले' अशी पोच येईपर्यंत थांबते आणि मगच दुसरे पाठवते. एकाच इमारतीत हे थांबणे जाणवत नाही. लांबच्या वाटेवर जाणवते. उपग्रहाचे उदाहरण घ्या. इस्रोने २००१ पासून दूरच्या रुग्णालयांना उपग्रहाने जोडण्याचे प्रयोग केले. भूस्थिर उपग्रह सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, पोच परत यायला तेवढाच. प्रत्येक चित्रामागे अर्धा सेकंद नुसता वाट पाहण्यात जातो. हजार चित्रांमागे आठ मिनिटांहून अधिक! इथे वेग वाढवून भागत नाही, कारण रस्ता रुंद झाला तरी अंतर तेवढेच राहते. उपाय असा, की एकाच वेळी तीन-चार रांगांनी चित्रे पाठवावीत किंवा सगळ्या चित्रांचे मिळून एकच गाठोडे बांधावे.

आता जुन्या संगणकाकडे वळू. छोट्या केंद्रात दहा-बारा वर्षांचा संगणकही कामाला जुंपलेला असतो आणि अनेकदा दोष तिथेच असतो. पाचशे मेगाबाइटचे गाठोडे बांधणारी काही सॉफ्टवेअर सगळा मजकूर आधी मेमरीत घेतात. मेमरी दोन गिगाबाइटची, त्यातली बरीचशी विंडोज आणि ब्राउझरने अडवलेली. मग संगणक हार्ड डिस्कचाच मेमरीसारखा वापर करू लागतो. डिस्कचा दिवा विझत नाही, माउस अडखळतो आणि नेट मात्र जवळजवळ रिकामे असते. हे लक्षण दिसले तर इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. नको ते प्रोग्रॅम बंद करावेत, स्कॅन एकेका मालिकेत तोडून पाठवावा आणि जमल्यास फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला साधारणपणे दोन गिगाबाइटच मेमरी वापरता येते. तिथे नुसती जादा मेमरी घालून भागत नाही.

डिस्क भरत आली असेल तर येणारी चित्रे अर्ध्यावर नाकारली जातात. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून तपासतो. हजार फाइलींत तो वेळ साठत जातो. तो बंद करू नये. जाणकाराकडून फक्त चित्रांच्या फोल्डरपुरती सवलत द्यावी. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर चार गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही, मग ड्राइव्ह कितीही रिकामा असो.

तर मग दोष हुडकायचा कसा? लहानापासून मोठ्याकडे जायचे. पहिली पायरी म्हणजे चित्र न पाठवता नुसती हाक मारणे. डायकॉममध्ये त्यासाठी सी-एको नावाची सोय आहे. हाकेला ओ आली नाही, तर आधी पत्ता तपासावा. समोरच्या संगणकाचा आयपी क्रमांक, पोर्ट आणि त्याचे डायकॉममधले नाव यांत एका अक्षराचीही चूक चालत नाही. ते बरोबर असेल तर वाटेतली फायरवॉल पाहावी. ओ आली, तर दुसरी पायरी म्हणून एकच चित्र पाठवावे. तेच गेले नाही, तर बहुधा चित्र आवळण्याच्या पद्धतीवर दोन्ही बाजूंचे एकमत नाही. एक चित्र गेले, तर दहा पाठवावीत, मग शंभर. दहा जातात आणि हजार अडतात, असे झाले की पत्ता आणि भाषा दोन्ही ठीक आहेत. प्रश्न उरतो तो मेमरीचा, डिस्कचा, सतत तुटणाऱ्या जोडणीचा किंवा ठरावीक वेळेनंतर संबंध तोडणाऱ्या टाइमआउटचा.

तिसरे काम म्हणजे वाट मधोमध तोडून पाहणे. यंत्रापासून केंद्रातल्या संगणकापर्यंत किती वेळ लागला आणि तिथून शहरापर्यंत किती, हे घड्याळ लावून वेगवेगळे लिहावे. पहिलाच टप्पा रेंगाळत असेल तर केबल बदलून पाहावी. आतल्या आठ तारांपैकी एखादी तुटली की हजार मेगाबिटची जोडणी गुपचूप शंभरावर येते. आणि एका वेळी एकच बदल करावा. केबल, राउटर आणि सेटिंग एकदम बदलले, तर काम होईलही; पण कशामुळे झाले ते कळणार नाही.

ओझे हलकेही करता येते. काही न गमावता आवळण्याच्या पद्धती आहेत. त्यांना लॉसलेस म्हणतात. त्यांनी आकार साधारण निम्मा ते एक तृतीयांश होतो आणि उलगडल्यावर प्रत्येक अंक जसाच्या तसा मिळतो. त्यासाठी महागडेच सॉफ्टवेअर लागते असेही नाही. बेल्जियममधील लिएज येथील विद्यापीठ रुग्णालयात तयार होऊन २०१२ साली खुले झालेले ऑर्थँक हे मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावरही चालते.

पण सगळ्यांत मोठी बचत बिनपैशाची आहे. ती म्हणजे क्रम ठरवणे. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. ते इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना पहिल्यांदा पाहायचे असते ते हे, की डोक्यात रक्तस्राव तर नाही ना. त्यासाठी साध्या स्कॅनचे तीस-चाळीस काप लागतात. त्याच दोन मेगाबिटच्या रस्त्याने ते ऐंशी सेकंदांत पोहोचतात. पण सगळी चित्रे एकाच रांगेत लावली आणि हे काप अँजिओग्राफीच्या हजार कापांमागे अडकले, तर रुग्णाचा अर्धा तास जातो. म्हणून तातडीची मालिका आधी आणि बाकीच्या मागाहून, हा नियम केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

आणखी दोन पथ्ये. चित्रे अजिबात न पोहोचणे वाईट, पण अर्धवट पोहोचणे त्याहून वाईट. न पोहोचलेले लगेच कळते. गळालेले चार काप कळत नाहीत, आणि दोष नेमका त्याच कापांत असू शकतो. म्हणून पाठवलेल्या आणि मिळालेल्या चित्रांची संख्या दोन्ही बाजूंनी ताडून पाहावी. समोरून सुखरूप साठवल्याची खात्री येईपर्यंत मूळ चित्रे पुसू नयेत. दुसरे पथ्य गुप्ततेचे. अडचण सुटत नाही म्हणून संगणक बिनकुलपाचा इंटरनेटवर उघडा ठेवण्याचा मोह होतो. जर्मनीतील ग्रीनबोन या संस्थेने २०१९ साली जगभरचे असे शेकडो उघडे सर्व्हर शोधून काढले. त्यांत भारतातलेही होते. त्या चित्रांबरोबर रुग्णांची नावे आणि जन्मतारखाही उघड्या पडल्या होत्या.

यात रुग्णाने काय करावे? स्कॅन झाल्यावर फिल्म आणि कागदावर समाधान मानू नये. डायकॉम स्वरूपातली सगळी चित्रे सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्यावीत आणि जपून ठेवावीत. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना तीच द्यावीत. आणि तातडीच्या वेळी चित्रे अडलीच, तर केंद्रात एक प्रश्न नम्रपणे विचारावा, 'साध्या स्कॅनची चित्रे आधी गेली का?' ती गेली नसतील तर त्या प्रश्नाने तरी रांग बदलेल. नवा संगणक आणि वेगवान जोडणी यथावकाश येईल. रांग बदलायला मात्र एक मिनिटही पुरते.