घरांतील दुमजली आगगाडी

रत्नागिरीनजीकचा पानवल नदीवरील रेल्वेपूल ६४ मीटर उंच आहे. १:८७ या प्रमाणानें त्याची प्रतिकृति केली तर ती टेबलाएवढी उंच होईल. पूल कसाही उभा राहील. खरी अडचण चढाची. घरीं दोन मजल्यांचा छोटा लोहमार्ग रचूं लागलों, तेव्हां आम्हांस हें कळलें.

खालून गाडी जावयाची तर वरचे रूळ दहा सेंटिमीटर तरी उंच हवेत. आम्हीं तेवढी उंची दोन मीटरांतच गांठली. म्हणजे विसांत एक चढ! एकटें एंजिन चढलें. चार डबे जोडतांच चाकें जागींच फिरूं लागलीं. चढावर डब्यांची मागील ओढ वाढते, पण रुळावरील पकड एंजिनाच्या वजनापलीकडे वाढत नाहीं.

१८६३ त खुल्या झालेल्या बोरघाटांतील मार्गाचा चढ सदतिसांत एक. कोंकण रेल्वेनें मात्र बोगदे खणून व पूल बांधून तो दीडशेंत एकाहून अधिक होऊं दिला नाहीं. तो नेम पाळण्यास आम्हांस पंधरा मीटर लांबी लागली असती, आणि आमची पडवी अवघी चार मीटरांची! अखेर चाळिसांत एक चढ धरून मार्ग वर्तुळाकार नेला. साठ सेंटिमीटर त्रिज्येचा एक फेरा पावणेचार मीटरांचा होतो. त्यांत साडेनऊ सेंटिमीटर उंची मिळते. उरलेली पुढील सरळ भागांत साधली. वळणावर घर्षण अधिक, म्हणून डबे तीनच जोडतों.